पाणी तापते म्हणजे जोडणी बरोबर असे नाही: गिझरच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

जून लागला की बेळगाव-खानापूर भागात गिझरला उसंत नसते. आमच्या शहापुरातल्या जुन्या कौलारू घरात एका पावसाळ्यात न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येत. पाणी मात्र उत्तम तापत असल्यामुळे दोन आठवडे कोणी ते मनावर घेतले नाही. शेवटी सॉकेट उघडले, तेव्हा अर्थिंगची हिरवी तार पिनेपर्यंत पोहोचलीच नव्हती असे दिसले. ती कापून, टोक दुमडून डबीच्या मागच्या बाजूला सारून दिलेली होती.

पाणी तापायला फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) या दोनच तारा पुरतात, आणि म्हणूनच अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेची, चूक वर्षानुवर्षे लपून राहते. त्याहून घातक चूक म्हणजे अर्थिंगची तार नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडणे. पुढे न्यूट्रल कोठे तुटला, तर गिझरची पूर्ण टाकी 230 व्होल्टच्या फेजवर येते. पूर्वी लोखंडी पाइपांमुळे थोडीफार अर्थिंग आपोआप मिळत असे. आता सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) पाइप आल्यावर तोही आधार राहिलेला नाही. अर्थिंगची नळी ज्यात पुरलेली असते, त्या खड्ड्याचीही काळजी घ्यावी लागते. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत तो उन्हाळ्यात कोरडा पडतो, तर निपाणी-चिकोडीकडची काळी माती सुकली की भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात नियमित पाणी घालावे, आणि वायरमनकडून अर्थिंगचे मापन करून घ्यावे.

दुसरा घोळ तारांच्या रंगांचा. आपल्या घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल, तर थ्री-फेजमध्ये निळी तारही फेजचीच असते. गिझरबरोबर येणाऱ्या वायरीत मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची. केवळ रंग पाहून जोडणाऱ्याकडून फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते, आणि मग बटण न्यूट्रल तोडते, फेज नाही. गिझर बंद दिसतो, पण आतली पाणी तापवणारी कॉइल विजेने जिवंतच असते. सॉकेट समोरून पाहताना अर्थचे मोठे छिद्र वर असेल, तर फेज उजव्या छिद्रात हवा. टेस्टर तिथेच पेटला पाहिजे.

सॉकेटही तपासावे. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर आणि तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर सुमारे 13 अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे 6 अँपिअरचे सॉकेट वितळणार हे ठरलेलेच. 16 अँपिअरचे सॉकेट, मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्यावी. तांब्याची तार दोन किलोवॅटला 2.5 आणि तीन किलोवॅटला 4 चौरस मिलिमीटरची असावी.

थर्मोस्टॅटविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. थर्मोस्टॅट हा तापमानावर चालणारा स्विच आहे, संरक्षक नव्हे. त्याचे संपर्कबिंदू चिकटले, तर पाणी तापतच राहते आणि मग कटआउटवरच, म्हणजे पाणी फार तापले की वीज तोडणाऱ्या संरक्षक स्विचवरच, भिस्त असते. सर्वसाधारण घरगुती गिझरमध्ये फेज या दोन्हींमधून जाऊन मगच कॉइलकडे पोहोचला पाहिजे. कटआउट वारंवार उडतो म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा टाकून त्याला वळसा देणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाती पुन्हा आमचे घर दिलेले नाही. कटआउट उडण्याचे कारण बहुधा बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा कॉइलवर साचलेला क्षार असतो. राकसकोप-हिडकल धरणांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यापेक्षा बोअरवेलच्या जड पाण्याचा त्रास अधिक; अशा घरांत थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांवर ठेवावा, कारण तापमान जितके जास्त तितका क्षार लवकर बसतो. सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून ते तोंड बुच मारून बंद करू नये; दाब बाहेर पडायची ती वाट आहे.

गिझर लावताच आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर आरसीसीबीला दोष देऊन तो काढून टाकू नये. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की तो पडतो, आणि कॉइलला तडा गेला असल्यास गळती होणारच. बटण बंद असतानाही तो पडला, तर अनेकांचा गोंधळ उडतो. कारण सोपे आहे: साधे बटण फक्त फेज तोडते, तर तडा गेलेल्या कॉइलचे न्यूट्रलकडचे टोक टाकीशी जुळलेलेच राहते. म्हणून खात्री करताना बटण नव्हे, पिनच बाहेर काढावी. पिन काढल्यावर आरसीसीबी टिकला, तर बिघाड गिझरमध्येच आहे. झाकण उघडण्याआधी मेन बंद करावे, आणि पुढचे काम परवानाधारक वायरमनकडे सोपवावे.

गॅस गिझरचे वायरिंग बहुधा बॅटरीच्या दोन सेलांपुरतेच असते, पण तो बंद न्हाणीघरात बसवणे ही सर्वांत घातक चूक आहे. हवा कमी पडली की ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. एलपीजीचा वास आल्यास कोणतेही बटण लावू नये, तसेच बंदही करू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर आल्यावर 1906 या एलपीजी गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.