कॉलेजची वेबसाइट तपासायला निघण्याआधी

अंध आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांना वेबसाइट वापरता येते का, हे तपासायचं आहे. सगळ्यात आधी पीडीएफ. मागच्या वेळी पानं सगळी तपासली, पण सूचनाफलकावरची एकही पीडीएफ उघडली नाही आणि अख्खा अहवाल पाण्यात गेला. तालुक्याच्या कॉलेजची वेबसाइट म्हणजे सूचनांचा गठ्ठा. परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्ती, वेळापत्रक, सगळं पीडीएफमध्येच. वेव्ह, अ‍ॅक्स, लाइटहाउस ही आपोआप दोष शोधणारी साधनं फक्त पान बघतात, पीडीएफच्या आत शिरत नाहीत. लाइटहाउसने १०० गुण दिले म्हणून हुरळू नका.

पेनड्राइव्हवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) पोर्टेबल प्रत घ्या, ती इन्स्टॉल न करता चालते. लॅबच्या संगणकाचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो नेमका रजेवर असतो. हेडफोन घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅकसाठी (फोनचा स्क्रीन रीडर) मराठी आवाज घरूनच उतरवून ठेवा; धारणी-भामरागडकडे रेंजच्या भरवशावर राहू नका. पोरं वेबसाइट फोनवरच बघतात, तेव्हा निम्मी तपासणी फोनवर करा. चार्जर वगैरे सांगायला नको.

तपासायची पानं आधी कागदावर लिहा: मुखपृष्ठ, प्रवेश, परीक्षा अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती, तक्रार, संपर्क. आणि पीडीएफ! ताज्या १० सूचना, शिवाय गेल्या वर्षीच्या ५.

पीडीएफ उघडा, दोन ओळी कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडलं जात नसेल तर तो सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेला फोटो आहे. स्क्रीन रीडरला ते कोरं पान. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाँटमध्ये ‘म’च्या जागी इंग्रजी ई, ‘ह’च्या जागी जी, कान्याच्या जागी के असतो. डोळ्यांना ‘महाविद्यालय’ दिसतं, कानावर ‘ई जी के’ पडतं. असा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्यावाच लागतो, आणि बदलल्यावर जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. मराठी नीट आलं, तरी शीर्षकं आणि तक्ते टॅग केलेत का (‘हे शीर्षक, हा तक्ता’ अशी स्क्रीन रीडरला कळणारी खूण आहे का) ते बघा. वर्डमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ केली की टॅग उडतात. ‘सेव्ह अ‍ॅज’ने करायला सांगा. क्लार्कबाबूंसमोर एकदा करूनच दाखवा, नुसतं सांगून आलात तर पुढच्या सोमवारी परत स्कॅनच चढतो.

आता पान. माउस बाजूला ठेवा आणि टॅबने फिरा. मेनू माउस नेल्यावरच उघडत असेल तर कीबोर्डवाला तिथेच अडकला. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. ‘नवीन’ म्हणत सरकणारी पट्टी थांबवता आली पाहिजे. अक्षर-पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १. अक्षरं २०० टक्के मोठी करा, काही कापलं जातं का बघा. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एन’ (इंग्रजी) लिहिलेली असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातो. एका शब्दाची दुरुस्ती, पण कोणी करत नाही.

फॉर्मच्या रकान्यांना लेबल, चित्रांना पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारा), कॅप्चाला (माणूस की यंत्र ते ओळखणाऱ्या कोड्याला) आवाज. ‘इथे क्लिक करा’ अशा दहा लिंका असतील तर नोंदवा, ऐकणाऱ्याला कुठली कुठे जाते ते कळत नाही.

अहवालात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ (माहिती आणि संपर्क साधनं दिव्यांगांना वापरता यावीत याबद्दलचं) आणि डब्ल्यूसीएजी २.१ एए (वेबसाइट सगळ्यांना वापरता येण्याचा आंतरराष्ट्रीय मापदंड, त्याची एए पातळी) लिहा. दोष, पानाचा पत्ता, दुरुस्ती, झालं. पाठवण्याआधी बघा, पीडीएफची फाइलनावं त्यात आहेत ना? नसतील तर परत नोटपॅड उघडा.