चिखलणीच्या दिवसांत आधी बोटांच्या बेचक्या बघा

दिवसभर गाळात उभे राहून आल्यावर आपण पाय घोट्यापर्यंत खसाखसा धुतो, पण बोटांच्या बेचक्या तशाच राहतात. तिथली कातडी भिजून पांढरी पडते, चिरते, आग होते. चिखल्यांना कुणी आजार मानत नाही. पुढे नडगी लाल होऊन ताप भरला की काटा कधी रुतला याचा शोध सुरू होतो. कित्येकदा काटा रुतलेलाच नसतो, जंतू त्या चिरेतूनच आत शिरलेले असतात.

गळू आणि धावरे (कातडीत पसरत जाणारा जंतुसंसर्ग) यांत गल्लत करू नका, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गळवात किंवा केसतुडात एका जागी टणक गाठ येते, ती ठसठसते, मग मऊ पडून तोंड धरते. हे काम बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे. लहान असेल तर स्वच्छ कपडा कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा शेका. मोठ्या गळवाला डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणे हाच खरा उपाय. साठलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही. घरी सुईने टोचू नका, पिळू तर अजिबात नका, नाकाशेजारचे विशेषतः.

धावऱ्याला तोंड नसते. बहुधा एकाच पायाची कातडी लाल, गरम, ताणून चकचकीत होते, हात लावू देत नाही आणि लाली पसरत जाते. जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ येते, हुडहुडी भरते. सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय चाचपून कुठला गरम लागतो ते बघा. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर कारण बहुधा वेगळे असते, पण तेही दाखवून घ्या.

धावऱ्याची शंका आली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निघण्यापूर्वी बॉलपेनने लालीच्या कडेकडेने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. ‘कालपेक्षा वाढलंय का?’ या प्रश्नावर घरात चार मते निघतात. रेघ एकच उत्तर देते. औषध सुरू झाल्यावर पहिले एक-दोन दिवस लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते. 48 तासांनंतरही पसरतच असेल किंवा ताप उतरत नसेल, तर परत दाखवा. साध्या धावऱ्याला प्रतिजैविक बहुधा 5 दिवस देतात. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून ते सोडू नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्यांवर भागवू नका. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडा. कामाच्या धांदलीत असे सांगणाऱ्याचा राग येतो, पण सूज त्यानेच लवकर उतरते.

दिसते त्याच्या मानाने वेदना फार जास्त, कातडी निळी-काळी, पाण्याचे फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर आवाज, किंवा दुखणारा भाग अचानक बधिर होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. मांस सडवणारा संसर्ग तासातासाला पुढे सरकतो आणि त्याला तातडीची शस्त्रक्रियाच लागते. मधुमेह असलेल्यांना पायाची जखम कित्येकदा कळतच नाही. त्यांनी रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत.

विळा-खुरपे लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. म्हणून मळलेली जखम असेल आणि आधी पूर्ण लस घेतलेली असली, तरी शेवटच्या डोसाला 5 वर्षे उलटली असल्यास पुन्हा टोचून घ्या. मेलेले जनावर हाताळल्यानंतर न दुखणारा, मध्ये काळी खपली धरलेला फोड आला तर डॉक्टरांना त्या जनावराचे आवर्जून सांगा. तो काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा असू शकतो.

आणि चिखल्या? पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकीत कोरडा कपडा फिरवा. तिथे बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, बरे दिसल्यावरही साधारण दोन आठवडे लावा. स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळा. त्यांनी खाज थांबते, बुरशी वाढतच राहते. गमबूट आतून ओले असतील तर अनवाणी पायापेक्षा वाईट. ते रात्री उलटे टांगा.