आर्टेमियाची अंडी फुटेनात? लाईटच्या बाबतीत या चुका टाळा

गेल्या डिसेंबरची गोष्ट. माझ्याकडं बेट्टा माशाची पिल्लं नुकतीच पोहायला लागलेली, त्यांना खायला आर्टेमियाची, म्हणजे ब्राईन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची, ताजी फुटलेली पिल्लं लागतात, म्हणून त्याची अंडी मिठाच्या पाण्याच्या बाटलीत नेहमीसारखी घातली, मीठ तेच, पाणी तेच, पाकीट पण तेच, आणि २४ तासांनी बघतोय तर बाटलीत नुसतं तपकिरी पाणी. दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, दुसरं पाकीट आणलं, परत तेच. मग आठवलं की मधे एक गोष्ट बदलली होती. बाटलीजवळचा जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब उडाला म्हणून मी तिथं ९ वॅटचा एलईडी लावला होता, आणि बिल कमी येणार म्हणून वर खूश पण होतो!

उजेड कमी झाला नव्हता, ऊब गेली होती. जुना बल्ब वीज खायचा त्यातली बहुतेक उष्णताच बाहेर टाकायचा, त्यामुळं बाटली आपोआप गरम राहायची आणि आपल्याला वाटायचं उजेडानं अंडी फुटतायत. अंड्यांना २५ ते २८ डिग्री पाणी लागतं. बेळगावात थंडीत पहाटे पारा १४-१५ वर येतोय, घरातल्या बाटलीत मग कितीसं टिकणार, त्या दिवशी मोजलं तर २० होतं. एवढ्या गारव्यात अंडी एकतर फुटत नाहीत नाहीतर दोन दिवस रडतरखडत फुटतात. म्हणून एलईडी लावा, तोच चांगला, पण ऊब वेगळी द्या. मी बाटली पाण्याच्या बादलीत उभी करतो आणि बादलीत टँकचा हीटर २८ वर लावून ठेवतो. हीटर बाहेर काढायच्या आधी प्लग काढा, हे सांगायला नको पण सांगतोच.

दुसरी चूक याच्या उलटी, ऊब आहे पण उजेडच नाही. हवेचा पंप लावला, बाटली कपाटात किंवा जिन्याखाली ठेवली आणि विसरलं. सुकं अंडं पाण्यात घातलं की तासा-दोन तासांत फुगून गोल होतं, आणि त्यानंतर त्याला उजेड मिळाला की आतला जीव परत कामाला लागतो. हे सुरुवातीचे तास महत्त्वाचे. पाण्याच्या पृष्ठभागावर साधारण २००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असावा असं मत्स्यपालनाच्या पुस्तकांत देतात. आता २००० लक्स म्हणजे किती? ९ वॅटचा पांढरा एलईडी बाटलीपासून वीतभर अंतरावर धरला की तेवढा होतो. तोच बल्ब दुप्पट लांब नेला तर उजेड चौथाईवर येतो, आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. खोलीत ट्यूब चालू आहे की, असं म्हणतात लोक, पण छतावरच्या ट्यूबचा उजेड खाली येईपर्यंत शे-दीडशे लक्स पण धड राहत नाही. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते कारण डोळा जुळवून घेतो, अंडं घेत नाही. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण ५० आहे का २००० एवढं कळतं, तेवढं पुरे.

देवघरातला झिरोचा लाल बल्ब, गणपतीच्या डेकोरेशनची निळी माळ, हे मी लोकांनी लावलेलं बघितलंय. नको. साधा पांढरा बल्ब लावा. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीचं लेबल सोला हो, हिरवी बाटली पण नको, पारदर्शकच घ्या.

उन्हात ठेवू का, हा प्रश्न हमखास येतो. ऊन फुकट आहे, उजेड पण भरपूर, पण लिटरभर पाणी उन्हात बघता बघता तापतं. अथणी-चिक्कोडीकडं एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवाल तर दुपारपर्यंत पाणी ३५ च्या पुढं जाईल आणि सगळा कारभार आटोपेल, ३० च्या वर जाऊच द्यायचं नाही. उलट खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात दिवसाढवळ्या अंधारून येतं, तिथं खिडकीच्या भरवशावर राहिलात तर एका खेपेला फुटतील, दुसऱ्या खेपेला नाही. म्हणून बल्बच बरा, रोज सारखा.

तरी नाही फुटली तर सगळा दोष लाईटवर टाकू नका. एकाच पाकिटातली अंडी दोन बाटल्यांत घाला, दोन्हीला पाणी, ऊब, हवा सारखी, एक बल्बजवळ, दुसरी काळ्या कापडात गुंडाळून. २४ तासांनी उजेडातली चांगली फुटली तर लाईटचाच प्रश्न होता. दोन्ही सारख्याच वाईट असतील तर बाकीचं बघा: लिटरला २५-३० ग्रॅम मीठ आहे का (खडे मीठ चालतं, पण वजन करून, मुठीनं नको), खायचा सोडा चिमूटभर घातला का, कारण पीएच (पाणी आंबट का खारट-सोड्यासारखं ते सांगणारा आकडा) ८ च्या वर लागतो आणि आरओच्या पाण्यात तो टिकत नाही, लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त अंडी तर घातली नाहीत ना, आणि पाकीट उघडून किती महिने दमट किचनमध्ये पडलं होतं. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

फुटल्यावर पण लाईटची एक चूक होतेच. आर्टेमियाची ही नारिंगी पिल्लं उजेडाकडं धावतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आणि अशा वेळी वरचा बल्ब चालूच ठेवला तर पिल्लं वर जाऊन टरफलांतच मिसळतात, मग गाळत बसा. टरफल माशाच्या पिल्लाच्या पोटात अडकू शकतं. खोलीत अंधार करा, मोबाईलची टॉर्च बाटलीच्या कुशीला, तळाच्या जरा वर लावा, ५-१० मिनिटांत तिथं नारिंगी ढग जमतो, तो एअर पंपच्या बारीक नळीनं ओढून घ्या आणि गोड्या पाण्यात धुऊन माशांच्या पिल्लांना घाला. दहा मिनिटांच्या वर तसं ठेवू नका, गर्दीत गुदमरतात बिचारी.

आणि करंट गेला तर? आपल्याकडं लाईट गेली म्हटलं की उजेड आणि पंप दोन्ही गेले असा अर्थ होतो, पण दोन्हीची काळजी सारखी नाही. पहिले काही तास नीट उजेड मिळाला असेल तर नंतर तास-दोन तास अंधार झाला तरी फारसं बिघडत नाही. हवा थांबली की मात्र अंडी तळाला बसतात आणि ऑक्सिजन संपतो. म्हणून बॅटरीवरचा पैसा आधी पंपासाठी घाला, बल्बसाठी नंतर बघू.