मीटरच्या पुढची वायर आपली

उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त फोन येतात ते दुपारी दोन ते चारमध्ये. "मालक, शेजारी लाईट आहे, आमचीच गेलीय. कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणतो आमच्याकडून बरोबर आहे." मी परवानाधारक वायरमन. सोलापुरात २६ वर्षं वायरिंगची कामं करतोय, बहुतेक विजापूर रोड, जुळे सोलापूर आणि अशोक चौकाच्या बाजूची. फोनवर मी पहिलं एकच विचारतो: मीटरवर आकडे दिसतायत का?

तेवढं बघितलं तरी निम्मं काम होतं. मीटरचा डिस्प्ले चालू असेल तर वीज मीटरपर्यंत पोचलीय. (बटण दाबल्यावर बॅटरीवर क्षणभर उजळतो, तो धरू नका.) मग बिघाड पुढे आहे: मेन स्विच, फ्यूज, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) नाहीतर आतली वायर. लाईनमन परत गेला म्हणून त्याच्यावर रागावू नका, ते काम त्याचं नाहीच. डिस्प्ले बंद आणि शेजारी मात्र लाईट, असं असेल तर दोष खांबावर, सर्व्हिस वायरमध्ये (खांबावरून घरापर्यंत येणारी), कटआउटमध्ये (मीटरजवळचा कंपनीचा फ्यूज) किंवा मीटरमध्ये. तिथे माझ्यासारख्याला बोलावून उपयोग नाही, त्याला हात लावायचा मला अधिकार नाही. वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा, ग्राहक क्रमांक सांगा आणि तक्रार क्रमांक विसरू नये म्हणून तिथेच लिहून ठेवा.

जोडणी घेताना आपण अर्जावर सही करतो, तेव्हाच ही हद्द मान्य केलेली असते. विद्युत कायदा २००३ आणि त्याखालच्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेवर हे सगळं चालतं. घरगुती जोडणीत कंपनीच्या कटआउटचं घराकडे जाणारं टोक ही पुरवठ्याची हद्द. खांबापासून तिथपर्यंतचं कंपनीनं सांभाळायचं. सर्व्हिस वायरचे पैसे सुरुवातीला आपण भरले असले तरी तिची देखभाल कंपनीकडेच. त्या हद्दीच्या पुढे मेन बोर्डापासून गिझरपर्यंत सगळं आपलं. फक्त मीटरचं जरा वेगळं आहे. तो कंपनीचा, पण आपल्या घरात बसवलाय म्हणून राखायचा आपण. जिन्याखाली मीटर आणि त्याला टेकून चादरींचे गठ्ठे, हे मी किती घरांत बघितलंय! गरम झालेल्या वायरीची ठिणगी सुताला लागायला वेळ लागत नाही. मीटरसमोर माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी हवीच.

दर महिन्याला रीडिंगचा फोटो काढता ना, त्याच फोटोत सील येऊ द्या. सील तुटलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. कलम १३५ खाली, म्हणजे वीजचोरीत, प्रकरण गेलं की आपण निर्दोष आहोत हे सांगत बसावं लागतं, आणि तेव्हा तो जुना फोटोच कामाला येतो. घरगुती मीटरवर मागच्या खोलीतला यंत्रमाग किंवा दुकान चालवत असाल तर ते नियमात बसतं का, हे आजच कंपनीच्या ऑफिसात विचारून घ्या. अनधिकृत वापर ठरला तर कलम १२६ प्रमाणे आकारणी दुप्पट दराने होते.

बिल अचानक फुगलं तर भांडायला जायच्या आधी एक परीक्षा घरीच करा. मेन चालू ठेवा, बाकी सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचे प्लग काढा. आता मीटरवरचा छोटा लाल दिवा दोन-चार मिनिटं बघत उभे रहा. लुकलुकला तर घरात कुठेतरी वीज झिरपतेय. मीटरवर ३२०० इम्प लिहिलं असेल तर तेवढ्या लुकलुकींचं एक युनिट. एका घरात हा दिवा असाच लुकलुकताना सापडला, तर गच्चीवरच्या टाकीच्या मोटारीची केबल उन्हानं तडकून ओल्या भिंतीला चिकटली होती.

बाहेरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) तुटला तर मात्र गोष्ट उलटी. २३० व्होल्टच्या जागी घरात कितीतरी जास्त दाब येतो, ट्यूब भगभगतात, पंखा पळायला लागतो. विचार करत थांबू नका, मेन पाडा. वेळ लिहा, गल्लीत कुणाकुणाचं काय जळलं त्याची यादी करा आणि सगळ्यांनी मिळून कंपनीच्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. पण तिथे पहिला प्रश्न तुमच्या वायरिंगचाच येणार. परवानाधारक ठेकेदारानं दिलेला टेस्ट रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवायचा. जनरेटर लावलाय त्यांनी चेंजओव्हर स्विच (जनरेटर आणि कंपनीची लाईन एकत्र जोडू न देणारा) बसवल्याशिवाय एक दिवसही चालवू नये. उलटी गेलेली वीज खांबावर चढलेल्या माणसाला मारते.

आता कूलर. हा विषय माझ्या मनाला फार लागलेला आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात अशोक चौकामागच्या एका आक्कांनी बोलावलं. पत्र्याचा कूलर, हात लावला की मुंग्या येतात म्हणे. महिनाभर त्या लाकडी पाटावर उभं राहून त्यात पाणी ओतत होत्या. दोन नातवंडं त्याच खोलीत झोपायची. मी टेस्टर लावला तर पत्र्यावर लख्ख पेटला. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून प्लगची जाड, अर्थची पिन कापून टाकलेली. बोर्डातली हिरवी, म्हणजे अर्थची वायर थेट न्यूट्रलला पिळलेली. मागच्या बोळात अर्थिंगचा पाइप बघायला गेलो, तर काळी माती उन्हानं आक्रसून पाइपापासून सुटली होती. त्या फटीत माझं अख्खं बोट गेलं. म्हणजे जमिनीत पाइप होता, पण अर्थिंग नव्हतंच.

हे चारही दोष मीटरच्या पुढचे. कुणी बाहेरचा येऊन ते शोधणार नव्हता.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फेब्रुवारी संपला की भेगा मातीनं बुजवून आठवड्याला दोन बादल्या पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायचं. नळाला पाणी रोज सुटत नाही हे मला माहीत आहे, धुण्याचं चालतं. अर्थची वायर नळाला किंवा न्यूट्रलला बांधायची नाही. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉक बसला तर तो पडत नाही. आरसीसीबी पडतो. त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पडला नाही तर बदला. आणि कूलरमध्ये पाणी घालताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढून हातात घ्या.

आक्कांकडे पंपाची वायर, तीन पिनचा बोर्ड, आरसीसीबी आणि नवा खड्डा, सगळं दीड दिवसात झालं. संध्याकाळी मी कूलर चालू केला आणि उघड्या हातानं पत्रा धरून उभा राहिलो. मग त्यांना धरायला सांगितलं. त्यांनी आधी चप्पल घातली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, ती काढून ठेवली आणि हात लावला.