सांगलीत एएची मीटिंग शोधताना

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. नाव लिहीत नाही, आमच्यात तसा रिवाज आहे. सात वर्षांपूर्वी एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या पहिल्या मीटिंगला निघालो आणि ती भरते त्या शाळेच्या फाटकापासून दोनदा परत आलो. पत्ता खिशात होता. तिसऱ्या खेपेला आत गेलो, कारण फाटकाशी एक माणूस माझी वाट बघत उभा होता. त्यामुळं कुणी मला मीटिंगचा पत्ता विचारला, तर मी आधी माणूस गाठून देतो.

त्याच्याही आधी तब्येत. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील, घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर मनानं एकदम दारू बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराचा केसपेपर काढा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. मी एक क्वार्टर सांगितली होती, होत्या तीन. बायकोनं दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगितला, मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.

आता शोध. आम्ही एए म्हणतो ती संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे सुरू झालं. भारतातल्या एएच्या वेबसाइटवर संपर्काचे नंबर मिळतात. फोनवर शोधणं जमत नसेल तर १४४४६ लावा, ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. सिव्हिलमधल्या समाजसेवा अधीक्षकांनाही विचारा. मला पहिला नंबर तिथंच मिळाला, केसपेपरच्या मागं लिहून दिलेला.

नंबर मिळाला की थेट जाऊ नका, फोन करा. गट शाळेच्या नाहीतर एखाद्या संस्थेच्या मागून घेतलेल्या खोलीत भरतात. परीक्षा, लग्न, निवडणूक, काहीही आलं की खोली बदलते. मी एकदा मिरजेला बसनं गेलो तर दाराला कुलूप. अशा संध्याकाळी परतीच्या वाटेवरचा बार दिसायला लागतो, म्हणून हे एवढं सांगतोय. फोनवर विचारा: आज मीटिंग नक्की आहे का, फाटक कुठलं, खोली कितव्या मजल्यावर, आजची मीटिंग ओपन की क्लोज्ड. ओपनला घरची माणसंही बसू शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय ते. आणि शेवटी म्हणा, "मी पहिल्यांदाच येतोय दादा, बाहेर कुणी थांबाल का?" हे मागायला लाजू नका. आमच्या गटात कुणी ना कुणी थांबतंच, पावसातसुद्धा.

गावात कुणी बघेल ही भीती खरी आहे. यार्डात तर सगळेच ओळखीचे. सांगलीकरानं मिरजेच्या गटात जावं, मिरजकरानं सांगलीला यावं, दहाएक किलोमीटरचं तर अंतर. मी पहिले चार महिने तसंच केलं. आत एक ओळखीचे व्यापारी भेटलेच. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती खुर्ची सरकवली आणि यार्डात आजवर एक शब्द काढला नाही.

आत कुणी भाषण देत नाही. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. मधे कुणी तोंड घालत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज ऐकतो" म्हणा. फी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात सभासद आपखुशीनं पैसे टाकतात, नव्या माणसानं टाकलेच पाहिजेत असं काही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. कुणी दाखल व्हा म्हणून पैसे मागत असेल तर ती एएची मीटिंग नव्हे. दाखल करून घेणारी केंद्रं वेगळी. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन, पुण्यातलं १९८६ पासूनचं मुक्तांगण, ही त्या वाटेवरची नावं. काहींना दोन्ही लागतं.

पहिला गट पटला नाही तर दुसरीकडं जाऊन बघा. एका ठिकाणी मला सगळे फारच वयस्कर वाटले, दुसरीकडं माझ्यासारखाच हमालांचा हिशेब लिहिणारा एक जण निघाला. पण पहिल्याच दिवशी निकाल लावू नका. पाच-सहा वेळा बसा. मधे पिऊन झालं तरी या. आमच्याकडं पिऊन आलेल्याला कुणी हाकलत नाही, फक्त त्या दिवशी ऐकत बसायचं.

वहिनी, आई, तुम्ही हे वाचत असाल तर त्याला ओढत आणायची वाट बघू नका. तुमच्यासाठी अल-अॅनॉन आहे, घरच्या माणसांचा वेगळा गट, तो पिणं सोडो न सोडो. जवळ गट नसेल तर मन मोकळं करायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रीही चालतो. माझी बायको माझ्या आधी तीन महिने जात होती. ती भांडायची थांबली, तेव्हाच मी विचारलं होतं, कुठं जातेस गं दर गुरुवारी?