ग्रीक योगर्ट गरम पदार्थात घालताना फुटू नये म्हणून काय करायचं

ग्रीक योगर्ट म्हणजे दहीच, फक्त त्यातलं पाणी निथळून काढलेलं, म्हणून ते घट्ट असतं आणि प्रोटीनही जास्त, साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅम असेल तर यात ९-१० ग्रॅमपर्यंत जातं. पण बरेच जण ते फळं आणि मध घालून खातात आणि तिथेच थांबतात, स्वयंपाकात घालायची भीती वाटते कारण कधीतरी फुटलेलं असतं. माझं टोमॅटो सूप असंच गेलं होतं, फ्रीजमधून डबा काढला आणि उकळत्या सूपमध्ये थेट दोन मोठे चमचे घातले, मिनिटभरात वर पांढरे बारीक कण आणि खाली पातळ पाणी. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

होतं असं की दही मुळातच आंबट, त्यात एकदम जोराची उष्णता मिळाली की प्रोटीन एकमेकांना घट्ट धरतं आणि पाणी बाहेर सोडतं. फॅट असेल तर ते जरा सांभाळून घेतं, म्हणून गरम पदार्थासाठी फुल फॅटच घ्या, झिरो फॅटवालं सगळ्यात लवकर फुटतं.

आता करायचं कसं तर योगर्ट अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा. वाटीत घेऊन गुठळ्या मोडेपर्यंत फेटा, मग त्यात सूप किंवा ग्रेव्हीतला गरम रस एक-एक चमचा घालत ढवळत राहा, चार-पाच चमचे गेले की वाटीला बाहेरून हात लावून बघा, कोमट लागली पाहिजे. तेवढं झालं की गॅस बंद करा, उकळी पूर्ण बसू द्या आणि मग ती वाटी बारीक धार धरून पातेल्यात ओता, दुसऱ्या हाताने ढवळणं चालूच ठेवायचं. त्यानंतर परत उकळायचं नाही, गरम करायचं तर अगदी मंद आचेवर. आणि एखादा पदार्थ योगर्ट घालून शिजवायचाच असेल तर एका कपाला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आधीच फेटून घ्या, स्टार्चमुळे ते बरंच टिकतं.

विकत घेताना मागचं लेबल वाचाच. दूध आणि कल्चर (म्हणजे विरजण) एवढंच लिहिलेलं असेल तर छान, काहींमध्ये निथळण्याऐवजी स्टार्च किंवा जिलेटिन घालून घट्टपणा आणलेला असतो. त्यापेक्षा घरी करणं सोपं आहे, चाळणीवर स्वच्छ सुती कापड घाला, त्यात दही ओता, खाली भांडं ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये ३-४ तास. साधारण निम्मं उरतं. रात्रभर ठेवलंत तर इतकं घट्ट होतं की ब्रेडवर चीजसारखं लावता येतं. खाली जमलेलं पिवळसर पाणी प्लीज फेकू नका, कणीक मळायला किंवा सूपमध्ये वापरा.

सावर क्रीमच्या (म्हणजे आंबवलेल्या घट्ट क्रीमच्या) जागी हे जेवढ्यास तेवढं चालतं. केकमध्ये साध्या दह्याऐवजी घालणार असाल तर मात्र पाऊण कप योगर्ट आणि पाव कप दूध असं करा, नाहीतर बॅटर फार जड होतं.

चिकनच्या मॅरिनेशनला तर मला हेच आवडतं कारण घट्ट असल्यामुळे मसाला तुकड्यांना धरून राहतो, खाली ओघळत नाही. चिकन रात्रभर ठेवलं तरी चालतं, मासे अर्ध्या तासात काढा नाहीतर ते मऊ पडतात. भाजायच्या आधी वरचा जाड थर बोटाने निपटून घ्या, तो आधी करपतो आणि आतलं कच्चंच राहतं.