पळण्याचं कोडं सोडवताना या चुका टाळा

गणपतीत आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या मंडळात प्रश्नमंजुषा घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. 'अजब विक्रम' ही फेरी आली की पोरांच्या अंगात येतं, आणि चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकडा ऐकायच्या आधी बझर. एकदा मी वाचत होतो, "2015 साली जपानमध्ये एका माणसानं 100 मीटर पळण्याचा विक्रम केला, वेळ..." तेवढ्यात वडगावच्या एका पोरानं बझर हाणला. "105 वर्षांचे आजोबा! हिदेकिची मियाझाकी!" टाळ्या पडल्या. त्याचं बोलणं खोटं नव्हतंच. मियाझाकींनी त्याच वर्षी क्योटोत 42.22 सेकंदांत 100 मीटर पार केले होते. पण माझ्या कागदावर पुढं लिहिलं होतं 15.71 सेकंद. उणे पाच!

पोराचे मामा स्टेजपाशी आले. "सर, उत्तर बरोबर हाय की!"

"मामा, एकशे पाचाव्या वर्षी 15 सेकंदांत कोण पळतंय सांगा बघू?"

उत्तर होतं केनिची इतो. हा गडी तोक्योत दोन्ही हात टेकून, चार पायांवर पळाला होता. त्यासाठी त्यानं माकडांच्या चालीचा अभ्यास केला होता. 2008 मध्ये त्याचीच वेळ 18.58 होती. (पुढं 15.71 चा विक्रमही मोडला, म्हणून प्रश्नात 'आजही' आहे की 'तेव्हा' हेही ऐकत जावा.)

माझी सवय सांगतो. आकडा कानावर पडला की तो उसेन बोल्टच्या 9.58 सेकंदांच्या जागतिक विक्रमाशेजारी मांडायचा. त्याहून कमी असेल तर कुणाची तरी मदत आहे. 15 च्या आसपास असेल तर वेग शाळेतल्या पोराचा आहे, म्हणजे पळायची रीतच वेगळी. 40 च्या पुढं गेला की वय विचारा. हरियाणाच्या रामबाई 2022 मध्ये वडोदऱ्यात 45.40 सेकंदांत पळाल्या, वय 105. एवढा विचार करायला पाच सेकंदं लागतात, पण तेवढाही दम कुणाला नाही.

प्रश्नात 'माणूस' हा शब्द आहे का बघा: 5.95 सेकंद ही सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातली सारा, मादी चित्ता.

वारा विसरू नका. अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन 2011 मध्ये जपानी टीव्हीवर 9.45 मध्ये पळाला, पाठीमागं भलेमोठे पंखे लावून.

टेबलाखाली मोबाईल बघणाऱ्यांबद्दल बोलत नाही.

आणि कंबळा, म्हणजे कर्नाटकातली चिखलातली म्हशींची शर्यत. 9.55 म्हटलं की अर्धी खोली ओरडते, "आपला श्रीनिवास गौडा!" एरवी सीमाप्रश्नावर तावातावानं भांडणारे त्या क्षणी पक्के कर्नाटकचे होतात. फेब्रुवारी 2020 मध्ये गौडा म्हशींच्या जोडीमागं, चिखलपाण्यातून, 142.5 मीटर 13.62 सेकंदांत पळाला. 9.55 हे त्रैराशिकानं काढलेलं. 100 मीटरवर घड्याळ कुणी लावलंच नव्हतं, आणि पुढं ओढायला म्हशी होत्या. गडी जबरदस्त, यात वाद नाही. पण प्रश्न 'जागतिक विक्रम' विचारत असेल तर हे उत्तर चुकीचं. मी एवढं समजावलं तर मागनं एकजण म्हणाला, "सर, मग बोल्टला चिखलात पळवा की."

त्याला गुण दिले नाहीत. खायला कुंदा दिला.